तळखडा

पावसाळा संपला असं म्हणेपर्यंत त्याने जाता जाता एका दुपारी असा दणका दिला, की ओढ्याचं पाणी अंगण ओलांडून थेट छपरीत शिरलं आणि वाळत घातलेली कच्ची कौलं बसल्या जागी विरघळली. सकाळी जिथे ओळीने कौलं होती, तिथे संध्याकाळी नुसता गाळ. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "मातीच होती. माती झाली." आणि त्याने घमेलं उचललं.

त्याच्या बायकोला सगळी आळी वहिनी म्हणते, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. वहिनीने बाह्या वर सारल्या आणि फावडं घेतलं. धान्याच्या कोठाराला द्यायची कौलं पुन्हा पहिल्यापासून थापायची होती, आणि आधी छपरीची जमीन कोरडी करायची होती. ओलं कौल जमिनीवरच टाकतात. जमीन घामेजली की कौल खालून ओलं आणि वरून कोरडं राहतं, मग कडा मुडपतात आणि ते छपरावर बसत नाही. म्हणून पाणी शिरलं की मिस्त्री जमीन वर उचलायचा. भट्टीतली फुटकी खापरं पसरायची, त्यावर माती ओढायची, पाणी शिंपडायचं आणि धुमसाने ठोकठोकून तळहातासारखी सपाट करायची. अलीकडे ओढा दर वर्षी आत यायला लागला होता. त्यामुळे हे कामही दर वर्षीचंच झालं होतं.

"चार बोटं वर घेतली की पुढच्या पावसापर्यंत बघायला नको," मिस्त्री दर वेळी म्हणायचा.

धुमस ठोकायला तिसरे हात होते ते भिंगरीचे. चालायला लागली तशी ही पोर अंगणात गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि हसत पुन्हा उठायची, म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले. आता बारावं सरत आलं होतं आणि फिरणं कधी बंद पडलं ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती धुमस दोनदा उचलायची, तिसऱ्यांदा त्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. वर भर उन्हात अंगात स्वेटर.

"काढ ते," वहिनी म्हणाली. "बघणाऱ्याला घाम फुटतो."

"थंडी वाजते."

"आम्हाला कशी वाजत नाही?"

"कामाची थंडी असेल," पलीकडून मिस्त्री म्हणाला. "ठोक जरा जोरात, पळून जाईल."

एवढं बोलून तो घमेलं घेऊन आत वळला आणि तुळईवर त्याचं कपाळ खाडकन आपटलं. घमेलं पडलं, माती पसरली. भिंगरीला हसू आलं. ते तिने स्वेटरच्या बाहीत दाबलं.

"भिजून भिजून खाली आलीय मेली," कपाळ चोळत मिस्त्री तुळईकडे बघून म्हणाला. "टेकू द्यायला पाहिजे."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणालात."

"गेल्या वर्षी नुसते केस घासत होते. आता टेंगूळ आलं. आता देतो."

जमीन वाळली त्या दिवशी छपरी रिकामी आणि स्वच्छ होती. कौलं यायच्या आधीचा तो एकच दिवस. त्या दिवशी भिंगरीला मधल्या खांबाला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्यावर फळी धरून खांबावर छिन्नीने खूण पाडायची, हा या घरातला नेम. ती एवढीशी होती तेव्हापासूनच्या खुणा त्या खांबावर होत्या. मिस्त्री त्यांवरून बोट फिरवायचा तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असायचा.

"टाचा टेकव. फसवायचं नाही."

"टेकल्यात, बाबा."

"मान सरळ. श्वास घे, सोड." छिन्नीचा टोला बसला. भिंगरी बाजूला झाली. नवी खूण जुनीच्या वर बरोबर चार बोटं होती. "बघ! बघ गं! गेल्या वर्षीही चार बोटं, यंदाही चार. साच्यातून काढल्यासारखी वाढतेय पोर."

वहिनीने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. भिंगरी मात्र स्वेटरमध्ये हात ओढून उन्हाने तापलेल्या भट्टीच्या भिंतीला टेकून बसली.

*

शाळेत मुलांची वजनं-उंच्या घेतल्या, ही बातमी घरी आणली ती गाडीवाल्याच्या पोरीने. गाडीवाला त्यांची कौलं वाहायचा आणि त्याची पोर भिंगरीच्याच वर्गात होती. काटकुळी आणि उंच, म्हणून तिला सगळे शेवगा म्हणत. भिंगरी दुपारीच घरी येऊन भट्टीमागे बसली होती आणि विचारलं तरी बोलत नव्हती. मागून शेवगा तिचं दप्तर घेऊन आली.

"काकू, ही विसरून आली."

"विसरली कशी? झालं काय?"

शेवग्याने आधी भिंगरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ओळीत उभं करून वजन केलं. नर्सबाई काठीने उंची मोजत होत्या आणि गुरुजी काट्यापाशी होते. ते सगळ्यांची वजनं ओरडून सांगत होते, नर्सबाईंना ऐकू जायला. हिचं सांगितलं तर मागून कुणीतरी म्हणालं, गोणी उतरवा खाली."

"मग?"

"मग सगळे हसले." तिने दप्तर खाली ठेवलं. "मीपण हसले, काकू. चुकून."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वहिनीला बोलावून घेतलं. हाताची माती नीट धुवायलाही तिला वेळ मिळाला नव्हता. गुरुजी वर्गाच्या दारातच उभे राहिले आणि तिथेच बोलायला लागले. खिडकीतून पोरांची डोकी दिसत होती.

"बीएमआय म्हणतात त्याला," गुरुजी म्हणाले. "तुमच्या मुलीचा रेघेच्या वर गेलाय."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे लठ्ठपणा. आता हे वय, पुढे अवघड जातं."

वहिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पण आमच्या घरी तर..." ज्या घरात सगळे दिवसभर माती तुडवतात, त्या घरातली पोर लठ्ठ. म्हणजे पोर आळशी, नाहीतर आई लाडावणारी. खिडकीतल्या डोक्यांनी तेच ताडलं असणार, असं तिला वाटलं. "नर्सबाई काय म्हणाल्या?"

"त्या घरी येणार आहेत तुमच्या. पण त्यांच्याकडे गावं पुष्कळ. तोवर खाणं कमी, हालचाल जास्त. सरळ हिशेब आहे."

सरळ हिशेब वहिनीला कळला. घरी येईपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या होत्या.

*

त्या दिवसापासून भिंगरीच्या ताटातला भात निम्मा झाला. सकाळचं दूध बंद झालं. उकडलेला बटाटा असला तर तो मिस्त्रीच्या ताटात गेला. शाळेतून आली की तिने मातीच्या खड्ड्यात उतरायचं आणि मिस्त्री थांब म्हणेपर्यंत तुडवायचं. भिजवलेली माती घोट्याच्या वर येते, पाय ओढून काढावा लागतो आणि प्रत्येक पावलाला चपक्-चपक् आवाज होतो. मिस्त्री आवाजावरून ओळखायचा की माती मळली का.

"आवाज मंदावला गं," तो साच्यावरून मान न उचलता म्हणायचा.

आवाज पुन्हा सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा मंदावायचा. एकदा बंदच पडला. वहिनीने जाऊन पाहिलं तर भिंगरी खड्ड्याच्या काठावर कपाळ टेकून उभ्या-उभ्या झोपली होती. पाय मातीत तसेच रुतलेले. वहिनीने तिच्या पाठीत धपाटा घातला. लागेल असा घातला नव्हता, पण घातला.

"नाटकं करतेस?"

"नाही," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा तुडवायला लागली.

वहिनीला न उमगणारी गोष्ट निराळीच होती. निम्म्या केलेल्या ताटातलंही पोर थोडं टाकायची. हट्ट नाही, रडणं नाही, भूक लागली म्हणून तक्रार नाही. आणि तरी फ्रॉक बगलेत दाटत होता. वहिनीने बाजूची शिवण पुन्हा एकदा उसवून सैल केली. मग तिच्या मनात आलं की ही बाहेर खात असणार, कुणीतरी देत असणार. नाहीतर एवढ्याशा ताटावर अंग भरतं कसं?

एका सकाळी भिंगरी शाळेला निघाली तर तिच्या पोटाशी फ्रॉकच्या आत काहीतरी फुगलेलं दिसलं. हाताने ते धरून ती चालत होती.

"थांब. काय आहे ते?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दाखव." भिंगरी मागे सरली तशी वहिनीने तिचा दंड धरला. "आम्ही इथे तुझ्यासाठी मन मारतोय आणि तू चोरून खातेस? कुणी दिलं? काढ आधी!"

अंगणात गाडीवाला आधीच्या भट्टीतली उरलेली कौलं गाडीत भरत होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. भिंगरीने फ्रॉकमधून एक फडकं काढलं आणि आईच्या हातावर ठेवलं. फडकं गरम होतं. वहिनीने सोडलं तर आत कौलाचा एक तुकडा होता. चुलीच्या निखाऱ्यांपाशी ठेवून तापवलेला.

"हे काय?"

"शाळेत पोहोचेपर्यंत राहतं गरम," भिंगरी म्हणाली. "पोटाला धरते. बरं वाटतं."

गाडीवाला मालाला दोरी बांधण्यात फारच गुंतला होता. वहिनीने तो तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि पोरीच्या हातात दिला.

"जा," एवढंच म्हणाली. "उशीर होईल."

*

नर्सबाई आल्या तेव्हा कच्ची कौलं वाळून भट्टी लागायच्या बेताला आली होती. चिखलाने त्यांच्या सायकलची चाकं भरली होती.

"मी यायला फार उशीर केला," त्या म्हणाल्या. "रस्ताच नव्हता. पोर कुठे आहे?"

त्यांनी भिंगरीला घरात नेलं, वहिनीला बोलावलं आणि दार लावून घेतलं. काटा जमिनीवर ठेवून आधी विचारलं, "मी तुझं वजन करू का? आकडा मी मोठ्याने सांगणार नाही. त्या दिवशी शाळेत सांगितला गेला. मी तिथेच असून थांबवलं नाही. ते चुकलं माझं."

भिंगरीने आधी आईकडे पाहिलं आणि मग ती काट्यावर चढली. नर्सबाईंनी आकडा पाहिला, मग उभी काठी लावून उंची पाहिली आणि पुन्हा एकदा पाहिली.

"वजन कमी झालं ना?" वहिनीने विचारलं. "मी निम्मंच देते ताटात. दूधसुद्धा बंद केलंय."

नर्सबाईंनी मान वर केली. "कुणी सांगितलं कमी द्यायला?"

"गुरुजींनी. तुमचा तो आकडा रेघेच्या वर गेला म्हणून."

"अरे देवा," नर्सबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. "वहिनी, तो आकडा म्हणजे निकाल नाही हो. वजन एकटं काहीच सांगत नाही, म्हणून ते उंचीशी लावून बघायचं. मोठ्या माणसांचं माप पोरांना चालत नाही. पोरं वर्षावर्षाला बदलतात, म्हणून तिच्याच वयाच्या मुलींशी ताडून बघायचं. आणि एवढं करूनही तो आकडा इतकंच म्हणतो, की या पोरीकडे जरा नीट बघा. का वाढला ते त्याला माहीत नसतं. ते आपण शोधायचं असतं."

वहिनीला मातीची चाळणी आठवली. चाळणीवर जे राहतं ते हातात घेऊन बघावं लागतं, की खडा आहे का वाळलेलं ढेकूळ. न बघता कुणी फेकून देत नाही.

"वजन वाढलंय थोडं," नर्सबाई म्हणाल्या. "निम्म्या ताटावर." मग भिंगरीकडे वळल्या. "थंडी वाजते?"

मान हलली.

"झोप येते सारखी? पोट साफ होतं का गं रोज?"

भिंगरीने लाजून आधी होकार आणि मग नकार दिला. "चार-चार दिवस नाही होत," ती पुटपुटली.

"आवाज असा घोगरा कधीपासून आहे?"

"आवाजाला काय झालंय?" वहिनी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला तो ऐकू आला. रोजचाच आवाज, पण जणू दुसऱ्याच कुणाच्या पोरीचा. जाडसर, घशात मागे अडकलेला. रोज ऐकत होतो म्हणून कधी ऐकलाच नव्हता.

नर्सबाईंनी पोरीचा हात हातात घेतला. कोपरापर्यंत पांढुरका पापुद्रा होता.

"माती आहे ती," वहिनी म्हणाली. "कितीही सांगा, धूतच नाही."

नर्सबाईंनी ओलं फडकं मागितलं आणि हात पुसला. पुन्हा पुसला. पापुद्रा गेला नाही. ती माती नव्हती, कातडी होती. वहिनीने स्वतः बोट लावून पाहिलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. या हातांवर ती रोज ओरडत होती.

"वहिनी," नर्सबाई म्हणाल्या, "ही जाड झाली म्हणून मी आले नाही. ही वाढायची थांबलीय. मागच्या वर्षी माझ्या काठीवर ही एवढीच होती. त्याच्या आदल्या वर्षीही जवळपास एवढीच. तेव्हा आमच्याही कुणाच्या लक्षात आलं नाही. उंची जागच्या जागी आणि वजन वाढतंय, म्हणून तो आकडा वर गेला. पोर खादाड आहे म्हणून नाही. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला हवं, आणि लवकर. वाढायचं वय कुणासाठी थांबत नाही."

दाराबाहेर मिस्त्री उभा होता. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

"थांबलीय?" तो दार ढकलून म्हणाला. "या, दाखवतो तुम्हाला."

छपरीत नेऊन त्याने नर्सबाईंना खांब दाखवला. "ही यंदाची खूण. ही गेल्या वर्षीची. ही त्याच्या आधीची. चार चार बोटं. ही छिन्नी माझी, हा हात माझा. माझ्या पोरीला मी टाचा उचलू दिल्या नाहीत कधी."

नर्सबाईंनी जमिनीपासून टेप लावला. वरच्या खुणेचं माप त्यांच्या काठीशी तंतोतंत जुळलं. त्याखालच्या खुणा जुळेनात. त्या पुन्हा पुन्हा मापत राहिल्या. त्यांचाही चेहरा गोंधळला.

"यंदाचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी ही याहून उंच होती, मिस्त्री. माझ्या काठीवर."

"म्हणजे गेल्या वर्षी तुमची काठी चुकली."

"त्याच्या आदल्या वर्षीही?"

"तेव्हाही चुकली. लाकूड बोलतंय, बाई, मी नाही. आधी म्हणालात जाड, आता म्हणता खुंटली. उद्या म्हणाल मिस्त्रीची पोरच नाही." त्याचा आवाज चढला होता. "परवा भट्टी लावायचीय मला. रक्तं काढत फिरायला सवड नाही."

"चूक माझी निघाली तर मी इथे येऊन तुमची माती तुडवीन," नर्सबाई म्हणाल्या. "पण पोरीला आणा. उद्या सकाळी मी तिथे दवाखान्यात आहे. वाट बघते." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "आणि तिचं दूध आज सुरू करा."

त्यांची सायकल चिखलातून खडखडत गेली. मिस्त्री तावातावाने आत वळला आणि तुळईवर त्याचं कपाळ पुन्हा आपटलं.

"आईग्गं! ही तुळई एक दिवस जीव घेणार माझा."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. मग तिने तुळईकडे पाहिलं. एका टोकाशी उभी राहून तिने एक डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली, कौलाची कड बघतात तशी.

"अहो. तुळई सरळ आहे."

"कशी असेल? खाली आलीय ती."

"मधे वाकायला हवी ना मग? सुतासारखी सरळ आहे. तिला काही झालेलं नाही." वहिनीचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तुम्ही वाढलात का?"

"काय?"

"या वयात तुम्ही उंच झालात का? गेल्या वर्षी केस घासत होते. त्याच्या आधी काहीच लागत नव्हतं. आता टेंगूळ येतं."

मिस्त्री हसायला गेला, पण हसू तोंडातच राहिलं. वहिनी खांबापाशी जाऊन उकिडवी बसली. खांब जमिनीतून उगवल्यासारखा दिसत होता. तिने त्याच्या बुडाशी हात फिरवला.

"तळखडा कुठाय?"

खांबाखाली चौकोनी दगड असतो, खांबाला ओल लागू नये म्हणून बसवलेला. या खांबालाही होता. भिंगरी लहान असताना खूण पाडायच्या वेळी हळूच त्याच्यावर चढायची, उंच दिसायला. आणि मिस्त्री म्हणायचा, लबाडी नाही, उतर खाली. तो दगड कुठेच नव्हता. वहिनीने वर पाहिलं. मिस्त्रीचा चेहरा ओल्या कौलासारखा राखाडी झाला होता.

"आपण दर वर्षी जमीन चार बोटं वर..." ती म्हणाली.

मिस्त्रीने कुदळ आणली. वाळून खडखडीत झालेली कौलं पायाने बाजूला लोटली. चार-दोन फुटली, त्याने पाहिलंही नाही. खांबाशेजारी तो खणायला लागला. वर माती, तिच्याखाली तांबड्या खापरांचा थर.

"हे यंदाचं," तो म्हणाला.

पुन्हा माती, पुन्हा खापरं.

"हे गेल्या वर्षीचं."

धुमसून धुमसून जमीन लोखंडासारखी झाली होती आणि ती ठोकणारेही हेच तिघे होते. प्रत्येक थर फोडताना कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. तिसरा थर लागला आणि कुदळ दगडावर वाजली. तळखड्याची कड मोकळी झाली. मिस्त्री त्याच्या बुडापर्यंत खणत गेला, जुनी काळी जमीन लागेपर्यंत. मग त्याने हाताने ती साफ केली आणि खड्ड्यातून बाहेर येऊन म्हणाला, "भिंगरे, ये."

भिंगरी दारात उभी होती. तिने चप्पल काढली आणि खड्ड्यात उतरून खांबाला पाठ लावली.

"टाचा टेकव," मिस्त्री सवयीने म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

त्याने तिच्या डोक्यावर फळी धरली. फळी जिथे खांबाला लागली, तिथे एक जुनी खूण होती, कडा मळकट झालेली. भिंगरी नऊ वर्षांची असतानाची. फळी आणि खूण यांच्यामध्ये एका कौलाच्या जाडीएवढीही जागा नव्हती. वरच्या तिन्ही खुणा तशाच होत्या, मोकळ्या, कुणाचंच डोकं न पोहोचलेल्या. त्या खुणा पोरीच्या नव्हत्याच, जमिनीच्या होत्या.

वहिनीला फ्रॉकची शिवण आठवली. बाजू तिने तीनदा उसवल्या होत्या. खालची दुमड मात्र एकदाही सोडावी लागली नव्हती. हे तिच्या हातांना माहीत होतं. हातांना माहीत होतं आणि तिला नव्हतं. मग तिला ते निम्मं ताट दिसलं. पाठीतला धपाटा आणि तो गरम तुकडा. ती मातीच्या ढिगावर बसली.

"बाबा," खड्ड्यातून भिंगरीने घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी आणखी सरळ उभी राहू का?"

*

सकाळी गाडीवाला कौलांची चौकशी करायला गाडी घेऊन आला. अंगणात तिघे कपडे बदलून उभे होते.

"मिस्त्री, भट्टी कधी लावताय? कोठारवाला माझ्या नावाने बोटं मोडतोय."

"मोडू दे. दवाखान्यात न्यायचंय पोरीला."

"गोणी..." शेवग्याने घरी सांगितलेलं गाडीवाल्याच्या तोंडात आलं असावं. पण मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं आणि गाडीत गवत पसरलं. "बस, बाळ. मऊ आहे."

नर्सबाई दवाखान्याच्या पायरीवरच उभ्या होत्या. पोरीचं रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भरभर बोलत. पण त्या दिवशी त्या सावकाश बोलल्या. गळ्यात एक ग्रंथी असते, ती अंगाला ऊब देते, वाढवते, जागं ठेवते. हिची बऱ्याच दिवसांपासून झोपलीय. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, चुकवायची नाही.

"मी तिला खायला कमी दिलं," वहिनी मध्येच म्हणाली. हे कुणी विचारलं नव्हतं. "आणि माती तुडवायला लावली."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "आता पोटभर द्या," त्या म्हणाल्या.

"उंची?" मिस्त्रीने विचारलं. "ती... वाढेल ना?"

"वाढेल. गेलेली सगळी भरून येईल असं मात्र मी कबूल करत नाही. आणखी उशीर झाला असता तर आणखी गेली असती."

मिस्त्रीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. भिंगरी त्याच्या बोटांच्या पेरांकडे बघत होती. ती पांढरी पडली होती.

*

खड्डा बुजवला नाही. मिस्त्रीने त्याला कडेने विटा लावल्या आणि वर फळ्यांचं झाकण केलं. कौलं वाळत घालताना तेवढी जागा सोडावी लागायची. कुणी विचारलं तर तो नुसतं म्हणायचा, "माप आहे ते."

भिंगरी सकाळी गोळी घ्यायची आणि मग दूध. आधी भट्टीमागचं बसणं कमी झालं, मग स्वेटर दुपारी खुंटीवर दिसायला लागला. थंडी संपता संपता एके दिवशी वहिनीला मातीच्या खड्ड्यातून आवाज आला. चपक्-चपक्, भरभर, कुणी न सांगता. ती धावत गेली आणि म्हणाली, "तू नको, बाहेर ये." भिंगरी म्हणाली, "थांब गं, मजा येतेय." आवाज अजून पुरता सुटला नव्हता, पण त्यात थोडी जुनी पोर होती. वहिनी तिथेच उभी राहिली. पोर ताजी दिसली की तिला आनंदाच्या आधी धस्सच व्हायचं. किती दिवस आपण हिला बघत होतो आणि बघत नव्हतो.

कोठाराची कौलं उशिरा का होईना गेली आणि छपरी पुन्हा रिकामी झाली. मिस्त्रीने झाकण काढलं. भिंगरी खड्ड्यात उतरली, खांबाला टेकली. फळी, छिन्नी, सगळं नेहमीचं होतं.

"टाचा..." मिस्त्री म्हणाला.

"टेकल्यात," भिंगरी म्हणाली. मग खाली वाकून तिने आपल्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, खालची जमीन तीच आहे ना?"

मिस्त्रीने छिन्नी ठेवली. तो खड्ड्याच्या काठावर पालथा झाला, हात खाली घातला आणि तिच्या पावलांभोवतीची माती नखांनी खरवडायला लागला. काहीच नव्हतं तिथे, झाकणाच्या फटीतून पडलेली थोडी धूळ. तरी तो खरवडत राहिला. तळखड्याच्या बुडाची कड आणि त्याच्याखालची काळी जमीन स्वच्छ दिसेपर्यंत त्याने तोंड वर केलं नाही.